धावता धावता दिशा बदलली, तर त्वरण किती? (गणित, घर्षण आणि मैदानावरचं मोजमाप)

वळणबिंदू

अकरावीच्या क्लासमधलं उदाहरण आहे. शिवाजी पार्कात एक धावपटू पूर्वेकडे ६ मी/से वेगाने धावतोय. तो वळून उत्तरेकडे ५ मी/से वेगाने निघतो. वळायला १.५ सेकंद लागतात. सरासरी त्वरण काढा.

वह्यांमध्ये तीन उत्तरं दिसतात: −०.६७, ७.३३ आणि ५.२१ मी/से². उत्तरसूचीत ५.२१ आहे. 'त्वरण सदिश राशी (आकड्याबरोबर दिशाही असलेली) आहे म्हणून' एवढ्यावर मुलांचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यातली खो-खो खेळणारी मुलं तर विचारतात की हा आकडा मैदानावर मोजता येतो का, की नुसताच कागदावरचा आहे? जाणकारांनी दोन्ही अंगांनी लिहावं.

खडूफळा

आधी ही तीन उत्तरं कुठून येतात ते बघू. −०.६७ म्हणजे (५ − ६) ÷ १.५, आणि ७.३३ म्हणजे (६ + ५) ÷ १.५. पहिल्यात दिशाच विसरली गेली. दुसऱ्यात दिशा बदलल्याचं लक्षात आलं, पण ९० अंशांचं वळण १८० अंशांचं समजलं गेलं. धावपटू उलट फिरून पश्चिमेला ५ मी/से वेगाने गेला असता, तर ७.३३ अगदी बरोबर ठरलं असतं.

रीत अशी. पूर्व ही धन क्ष-दिशा धरा, उत्तर ही धन य-दिशा. आधीचा वेग (६, ०), नंतरचा (०, ५). नंतरच्यातून आधीचा वजा करायचा, घटकाला घटक: (−६, ५). दीडने भागलं की (−४, ३.३३). परिमाण √(१६ + ११.११) = ५.२१ मी/से². दिशा पश्चिमेकडून उत्तरेला ३९.८ अंश, म्हणजे वायव्येच्या जरासं पश्चिमेला.

दिशा नेहमी लिहायला लावा, ती अर्धं उत्तर आहे. पूर्वेला जाणारा माणूस उत्तरेला वळतोय आणि त्वरण वायव्येला, हे मुलांना विचित्र वाटतं. पण दोन कामं एकाच वेळी व्हायची आहेत: पूर्वेकडचा ६ चा वेग पूर्ण मारायचा (म्हणून पश्चिमेचा घटक) आणि उत्तरेकडचा ५ चा शून्यातून उभा करायचा (म्हणून उत्तरेचा). पहिलं काम मोठं, म्हणून बाण पश्चिमेकडे जास्त झुकतो.

आणि −०.६७ ला नुसती फुली मारू नका. तो आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे: चाल (दिशा सोडून नुसता वेगाचा आकडा) दर सेकंदाला सरासरी किती कमी झाली? इथे विचारलंय ते दुसरंच.

मैदानी_मास्तर

खडूफळा यांनी दिशेचं सांगितलं, त्याला मैदानावरचा पुरावा जोडतो. पूर्वेकडून उत्तरेला वळणं म्हणजे डावीकडे वळणं. बाहेरचा पाय उजवा. तो शरीराच्या पुढे आणि उजवीकडे, म्हणजे आग्नेयेला रोवला जातो. पाय जमिनीला आग्नेयेकडे ढकलतो, जमीन धावपटूला वायव्येकडे. वहीतला बाण आणि मातीतला बुटाचा ओरखडा एकाच रेषेत येतात. लाल मातीत हे चांगलं दिसतं: ओरखड्याच्या ज्या बाजूला माती साचते ती आग्नेय.

आता घर्षण. सपाट जमिनीवर आडवं बल देणारं दुसरं कोणी नाही. लागणारा घर्षण गुणांक (जमिनीची पकड सांगणारा आकडा) किमान त्वरण ÷ गुरुत्व त्वरण इतका. मुंबईत गुरुत्व त्वरण ९.७९ च्या जवळ आहे (९.८१ घेतलं तरी काही बिघडत नाही). ५.२१ ÷ ९.७९ = ०.५३. पाठ्यपुस्तकांच्या तक्त्यात कोरड्या काँक्रीटवर रबराचा स्थितिक गुणांक १ च्या आसपास असतो, म्हणजे तिथे हे वळण सहज. घट्ट मातीवर भुकटीचा थर असेल तर बूट मातीवर न घासता भुकटीवर घरंगळतो आणि आकडा झपाट्याने पडतो. पावसाळ्यातल्या चिखलात गुणांक ०.३ धरला तर त्वरणाची कमाल मर्यादा २.९ मी/से². याच वळणाला लागणारा वेगातला बदल ७.८१ मी/से आहे. तो २.९ ने करायचा म्हणजे दीडऐवजी २.७ सेकंद हवेत. पाऊस पडल्यावर पोरं घसरतात ती बहुधा 'बॅलन्स' गेल्यामुळे नाही. कोरड्या दिवसाची वेळ ओल्या दिवशी गाठायला जातात म्हणून.

शून्यसमाधान

एक शंका. चाल कायम ठेवून वर्तुळाच्या पाव भागावरून वळलं, तर मी चाल² ÷ त्रिज्या हे सूत्र लावतो. ६ मी/से, वेळ १.५ से, म्हणजे कंस ९ मीटर, त्रिज्या ५.७३ मीटर, अभिकेंद्री (वर्तुळाच्या केंद्राकडचं) त्वरण ६.२८. पण घटकांच्या रीतीने (−६, ६) ÷ १.५, परिमाण ५.६६. एकाच वळणाची दोन उत्तरं?

खडूफळा

दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे. ६.२८ हे वळणाच्या प्रत्येक क्षणी असणारं परिमाण. पण त्याची दिशा क्षणाक्षणाला फिरतेय: सुरुवातीला सरळ उत्तरेला, शेवटी सरळ पश्चिमेला. सरासरी काढताना हे फिरणारे बाण एकमेकांना थोडे खातात. पाव वर्तुळात सरासरी नेहमी क्षणिक परिमाणाच्या ०.९० पट निघते, अर्ध्या वर्तुळात ०.६४ पट. पूर्ण वर्तुळ मारून त्याच जागी, त्याच दिशेने आलात तर सरासरी त्वरण शून्य. धाप लागली असली तरी शून्य!

म्हणून घर्षण तपासताना सरासरी वापरली की धोका कमी दिसतो. मास्तरांनी ५.२१ वरून ०.५३ काढला, त्यात हा थोडा कमी अंदाज आहे. नीट करायचं तर असं: सरासरी चाल ५.५, वळण्याचा दर १.५७ रेडियन ÷ १.५ = १.०५ रेडियन प्रति सेकंद. त्यांचा गुणाकार ५.७६, हा मार्गाला लंब घटक. मार्गाच्या दिशेतला घटक −०.६७ (बघा, तो इथे कामाला आला). दोन्हींचं मिळून ५.८०. गुणांक ०.५९.

मैदानी_मास्तर

मान्य. आणि ०.५९ सुद्धा गुळगुळीत कंस धरून आहे. धावणारा माणूस कंसावर चालत नाही. पाय जमिनीवर असतो तेवढाच वेळ दिशा बदलते. दोन पावलांच्या मधे तो हवेत सरळ रेषेत जातो, तिथे आडवं त्वरण जवळजवळ शून्य. वरून बघितलं तर मार्ग बहुभुज असतो आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पाऊल. दीड सेकंदाच्या वळणात चार पावलं पडली तर ९० अंश चार तुकड्यांत वाटले जातात, आणि वाटणी सारखी नसते. चांगला खेळाडू आधीच्या पावलात ब्रेक लावतो आणि पुढच्या एका पावलात मोठा कोन कापतो.

आलेखवाली

पण इथे एक गंमत आहे, मास्तर. पाय हवेत असताना आडवं बल शून्य, तसं उभंही शून्य. पूर्ण पावलाची सरासरी घेतली तर उभं बल वजनाइतकंच निघतं. त्यामुळे 'सरासरी आडवं भागिले सरासरी उभं' हे गुणोत्तर पावलं मोजली काय, कंस धरला काय, तेवढंच राहतं. ज्या पावलात मोठा कोन कापला जातो, तिथे मात्र ते चढतं. घसरणं त्याच पावलात होतं.

पाटीवरचा

खो-खोचं उदाहरण घालतो, कारण तिथे दिशा बदलणं हाच खेळ आहे. बसलेले आठ जण एकाआड एक विरुद्ध तोंडाने. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी (बसलेल्यांच्या रांगेचा पट्टा) ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की उलट फिरता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मुभा. साखळी खेळताना तो बसलेल्यांच्या मधून नागमोडी जातो.

मधल्या पाटीशी ४० अंशांचा कोन करून ५ मी/से ने आत, तेवढ्याच कोनाने बाहेर. चाल तीच ठेवली तर वळण ८० अंशांचं. वेगातला बदल = २ × चाल × साइन(अर्धा कोन) = २ × ५ × साइन ४० = ६.४३ मी/से. आता पोरं म्हणतात 'एका पावलात, ०.४ सेकंदात मारतो'. मग त्वरण १६ मी/से². गुणांक १.६ हवा. मातीवर हे होत नाही. व्हिडिओत बघितलं तर एक तर चाल ५ नसते, किंवा ०.४ मध्ये फक्त शेवटचं पाऊल मोजलेलं असतं आणि त्याआधीचं ब्रेकचं पाऊल सोडलेलं असतं. ४ मी/से, पाटीशी ३० अंश, ०.५ सेकंद धरा: बदल ४ मी/से, त्वरण ८, गुणांक ०.८२. हे पटण्यासारखं आहे.

वरचं सूत्र पाठ असू द्या, चाल तीच राहिली असेल तर फार वेळ वाचतो. ६ मी/से ला ४५ अंशांसाठी बदल ४.५९, ६० अंशांसाठी बरोबर ६, ९० साठी ८.४९, १८० साठी १२. साठ अंशांचं वळणसुद्धा पूर्ण चाल शून्यावर आणण्याइतकं महाग पडतं, हे पोरांना दाखवलं की नजर बदलते.

शून्यसमाधान

चाल बदलली आणि कोनही ९० नसला तर? ६ वरून ५, वळण ६० अंश, वेळ १.२ से?

खडूफळा

कोसाइनचा नियम: ३६ + २५ − २×६×५×कोस ६०. म्हणजे ६१ − ३० = ३१, वर्गमूळ ५.५७, भागिले १.२ = ४.६४ मी/से². तिथे वजा चिन्ह आहे. दोन वेगांच्या बेरजेचं सूत्र मुलांच्या जिभेवर असतं, त्यात अधिक असतं. ते लावलं की ९.५४ येतं आणि त्वरण ७.९५. पटकन तपासायचं तर वळणाचा कोन शून्य करून बघा: बदल ६ − ५ = १ यायला हवा. अधिक चिन्हाने ११ येतो, चूक लगेच सापडते.

वळणबिंदू

आता मोजमापाचं सांगा. फोनवर २४० फ्रेमचा स्लो-मोशन आहे, किनोव्हिया आणि ट्रॅकर ही व्हिडिओवरून गती मोजणारी सॉफ्टवेअरं दोन्ही फुकट मिळतात. बाजूला तिवई लावून उभं राहिलं तर चालेल का?

आलेखवाली

बाजूने नाही चालणार. बाजूचा कॅमेरा एकाच दिशेची गती नीट पकडतो. धावपटू कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून लांब वळला की तो घटक जवळपास दिसतच नाही. वरून हवं. मैदानालगतच्या इमारतीची दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची गॅलरी उत्तम. जमिनीवर चार शंकूंचा आयत मांडा, समजा ५ मीटर बाय ५ मीटर, आणि कर्ण ७.०७ भरतो का ते टेपने तपासा. आयत तिरका असेल तर पुढचं सगळं तिरकं. किनोव्हियात परिप्रेक्ष्य जाळी त्या चार शंकूंवर बसवायची.

जाळी जमिनीच्या पातळीची असते आणि आपण माग घेतो कंबरेचा, जी सुमारे १ मीटर वर आहे. गॅलरीतून ४५ अंश खाली बघत असाल तर कंबर जमिनीवर १ मीटर पलीकडे सरकलेली दिसते. घाबरू नका, सरकण्याचा कायमचा भाग वेग काढताना आपोआप वजा होतो; पण धावपटू लांब-जवळ गेला की सरकणं बदलतं, म्हणून वेग थोडा जास्त दिसतो, कॅमेरा जितका उंच तितका कमी. शिवाय उरतं ते कंबरेचं खालीवर होणं. ते ८-१० सेंटिमीटर धरलं तर ४५ अंशांना आकृतीतही तेवढीच खोटी हालचाल येते, ६० अंशांना त्याच्या ०.५८ पट. म्हणून जितकं वरून तितकं चांगलं, आणि सरासरी नेहमी पूर्ण पावलाची घ्यावी.

स्लो-मोशनचा सापळा तर हमखास. काही फोन फाइल बाहेर काढताना २४० फ्रेम ३० च्या गतीने लांबवून ठेवतात. सॉफ्टवेअरला वाटतं ३० फ्रेमचाच व्हिडिओ आहे. वेळ आठपट झाला, म्हणून वेग आठव्या हिश्शाचा (६ चा ०.७५) आणि त्वरण चौसष्टाव्या. आकडे हास्यास्पद लहान आले तर आधी हे बघा. किनोव्हियात टिपण्याचा खरा फ्रेम-दर वेगळा सांगता येतो.

शून्यसमाधान

म्हणजे २४० फ्रेम असल्या की प्रत्येक फ्रेमला त्वरण काढता येईल ना? जितक्या फ्रेम जास्त तितकं अचूक.

आलेखवाली

उलट. त्वरण म्हणजे स्थानाचा दुसरा फरक भागिले वेळेचा वर्ग. कंबरेवर क्लिक करताना १ सेंटिमीटर इकडेतिकडे होतंच. लागोपाठ तीन स्थानांवरून त्वरण काढलं की त्यातली चूक साधारण २.४५ × ०.०१ ÷ वेळ². २४० फ्रेमला वेळ ०.००४२ सेकंद, चूक सुमारे १४०० मी/से². वाचलंत ते बरोबर आहे, चौदाशे. ३० फ्रेमला २२. अंतर ०.१ सेकंद ठेवलं तर २.४५, आणि ०.२ ठेवलं तर ०.६. जास्त फ्रेमचा फायदा स्थान गुळगुळीत करून घेण्यासाठी आणि पाय टेकल्याचा क्षण पकडण्यासाठी. त्वरणासाठी अंतर ०.१ ते ०.२ सेकंदच ठेवा. याहून मोठं घेतलं की एका पावलातला खरा उंचवटाच कापला जातो.

शाळेपुरतं करायचं असेल तर त्वरण थेट काढूच नका. वळणाच्या आधी ३ मीटरच्या सरळ पट्ट्यावर दोन शंकू, नंतर तसेच दोन. फ्रेम मोजून दोन्ही वेग काढा. ६ मी/से ला ३ मीटर म्हणजे अर्धा सेकंद, २४० फ्रेमला १२० फ्रेम. एखादी फ्रेम चुकली तरी एक टक्क्याच्या आत. ३० फ्रेमला त्याच अर्ध्या सेकंदात १५ फ्रेम, एक चुकली की ७ टक्के. मग वळणाचा वेळ: मार्ग वाकवणारं पहिलं पाऊल टेकल्यापासून शेवटचं उचलेपर्यंत. ही व्याख्या आधी कागदावर लिहा आणि सगळ्या धावपटूंना तीच लावा. सगळा वाद ह्या वेळेवर होतो. तोच बदल १.५ ने भागा किंवा १.० ने, उत्तर दीडपट बदलतं.

पाटीवरचा

घड्याळातला जीपीएस वापरायचा मोह काहींना होतो. सेकंदाला एक नोंद, म्हणजे दीड सेकंदाच्या वळणात एक नाहीतर दोन बिंदू, तेही काही मीटर इकडेतिकडे. दादरच्या इमारतींच्या मधे तर विचारूच नका. वेगासाठी ठीक, वळणासाठी नाही.

शून्यसमाधान

फोन कंबरेला बांधून फायफॉक्स (फोनचे सेन्सर वाचणारं ॲप) लावलं तर?

आलेखवाली

त्वरणमापीचे अक्ष शरीराबरोबर फिरतात. सुरुवातीचा 'पुढे' म्हणजे पूर्व, शेवटचा 'पुढे' म्हणजे उत्तर, म्हणून त्या आकड्यांची थेट बेरीज-वजाबाकी चालत नाही. वर प्रत्येक पावलाचा दणका गुरुत्वाच्या कितीतरी पट उसळतो. त्यापेक्षा जायरोस्कोप (फिरण्याचा दर मोजणारा सेन्सर) घ्या. उभ्या अक्षाभोवतीचा दर टिपा, पूर्ण वळणाची सरासरी काढा, शंकूंवरून आलेल्या सरासरी चालीने गुणा. १.०५ × ५.५ = ५.७६, खडूफळांचा लंब घटक. फोन पट्ट्याने आवळून बांधा, खिशात ठेवला तर मांडीचं फिरणं मोजलं जाईल.

मैदानी_मास्तर

अजून एक स्वस्त पडताळा: उभ्या रेषेपासून शरीराचा झुकाव. चाल कायम असेल तर टॅन(झुकाव) = त्वरण ÷ गुरुत्व. मानक ४०० मीटर ट्रॅकवर पहिल्या लेनची मोजणीरेषा ३६.८० मीटर त्रिज्येची असते. १० मी/से ला त्वरण २.७२, झुकाव १५.५ अंश. आठव्या लेनला (लेन १.२२ मीटर रुंद) त्रिज्या ४५.२४, त्वरण २.२१, झुकाव १२.७ अंश. २०० मीटरवाल्यांना आतली लेन नकोशी वाटते ते ह्यामुळे. झुकाव मोजताना टेकलेल्या पावलापासून बेंबीच्या जरा खाली रेघ ओढा. नुसता धडाचा कोन घेऊ नका. माणूस कंबरेत वाकून धड सरळ ठेवतो.

मॅरेथॉनच्या यू-टर्नलाही हेच लागू. ४ मी/से ने ३ मीटर त्रिज्येत वळलात तर ५.३ मी/से², झुकाव २८ अंशांच्या वर. ३ मी/से केलं की त्वरण ३ वर येतं. चाल पाव भागाने कमी, त्वरण जवळजवळ निम्मं, कारण वर्ग. मरीन ड्राइव्हच्या कमानीवर मात्र निश्चिंत धावा: त्रिज्या समजा १ किलोमीटर धरली तर ३ मी/से ला ०.००९ मी/से², कुठल्याच फोनला दिसणार नाही.

वळणबिंदू

शटल रन राहिली. ४ × १० मीटर, पूर्ण उलट वळण.

मैदानी_मास्तर

तिथे गणित सोपं, पाय अवघड. +५ वरून −४, बदल −९. ०.९ सेकंदात केलं तर १० मी/से², गुणांक १ च्या वर. बहुतेक मातीत नाही जमत. ५ मी/से² नेच ब्रेक लावला तर ५ मी/से वरून थांबायला १ सेकंद आणि २.५ मीटर, म्हणजे पट्ट्याचा पाव भाग. रेषेशी आल्यावर ब्रेक लावणारा रेषेपलीकडे जातो. मुलांना ७ मीटरच्या आसपास खूण करून द्या, कंबर तिथूनच खाली गेली पाहिजे.

वळणबिंदू

सगळं एक्सेलमध्ये बसवलंय. एकच अडतं: पहिल्या उदाहरणाची दिशा शीट −३९.८ अंश दाखवतं.

आलेखवाली

साधा एटॅन (टॅनवरून कोन काढणारं फंक्शन) वापरलाय. त्याला ३.३३ ÷ −४ एवढाच भागाकार दिसतो, वजा वरचा की खालचा ते कळत नाही, म्हणून तो आग्नेय दाखवतो. एटॅन२ वापरा. एक्सेलमध्ये आधी क्ष, मग य: (−४, ३.३३). पायथनमध्ये क्रम उलटा, आधी य. उत्तर रेडियनमध्ये येतं, डिग्रीज फंक्शनमध्ये घाला. १४०.२ आलं पाहिजे, पूर्वेपासून घड्याळाच्या उलट दिशेने. −५०.२ आलं तर कंसातले आकडे उलटे भरले असं समजा. १४०.२ सोडून काहीही दिसलं तर आधी क्रम बघा.